कोकणच्या हवेत घरचा कोंबुचा: पहिली बरणी लावण्यापासून बाटली भरेपर्यंत

कोंबुचा म्हणजे गोड कोऱ्या चहाला लावलेलं विरजण. आमच्या वेंगुर्ल्याच्या घरात पहिली बरणी लागली तेव्हा सासूबाईंनी वाकून बघितलं आणि विचारलं, "ह्यां काय गो पोसलंस?" मी म्हटलं, "आई, चहाचं विरजण." त्या जराही बिचकल्या नाहीत. लगेच पुढचा प्रश्न, "मूळ विरजण आंबट आसा मां?" नवीन माणसाने कोंबुच्याबद्दल पहिल्यांदा हेच विचारायला हवं. बरणीवर तरंगणाऱ्या त्या जाड पांढऱ्या चकतीकडे सगळ्यांचं लक्ष जातं, पण बरणी राखतं ते खालचं आंबट पाणी.

त्या चकतीला स्कोबी म्हणतात. जिवाणू आणि यीस्ट यांचा एकत्र नांदणारा संसार असा त्याचा अर्थ. मी तिला सरळ साय म्हणते. यीस्ट साखर फोडतं आणि तिच्यापासून थोडी दारू आणि वायू तयार करतं. जिवाणू त्या दारूचं आम्ल करतात, म्हणजे व्हिनेगरमध्ये असतं तेच अ‍ॅसिटिक आम्ल, आणि हे करताना वर सेल्युलोजचा पापुद्रा विणत जातात. माडी बरेच दिवस उघडी राहिली की तिचं व्हिनेगर होतं, हे किनाऱ्यावर कुणाला सांगायला नको. इथेही तेच घडतं, फक्त आपण ते अर्ध्या वाटेवर थांबवतो. हे पेय मुळात ईशान्य चीनकडचं मानतात, तिथून ते रशियात गेलं. जपानमध्ये याच नावाचा एक चहा मिळतो, पण तो समुद्री शेवाळाचा. त्याचा याच्याशी संबंध नाही.

विरजण कुठून आणायचं

घरी कोंबुचा करणारं कुणी ओळखीचं असेल तर उत्तम. त्यांच्याकडून साय मागा आणि तिच्यासोबत निदान पाव लिटर जुना, चांगला आंबट कोंबुचा मागा. कुणी नुसती साय ओल्या पिशवीत घालून देत असेल तर नम्रपणे पाणीही मागून घ्या. ओळखीचं कुणी नसेल तर विकतची साय मागवा, मात्र सोबत आंबट पाणी येतं का ते आधी विचारा. तिसरा मार्ग म्हणजे बाजारातला साधा, स्वाद न घातलेला आणि पाश्चराइझ न केलेला कोंबुचा आणून त्यावर नवी साय धरू देणं. अर्धा लिटर गोड चहात एक पेलाभर तो कोंबुचा घालून फडकं बांधून ठेवायचं. दोन ते चार आठवड्यांत वर पाव सेंटिमीटरची साय धरते. ते पाणी प्यायचं नाही, तेच तुमचं पहिलं विरजण.

विरजण कमी पडलं तर घरची माडीची व्हिनेगर घालण्याचा मोह होतो. तो टाळा. त्या व्हिनेगरीत तिचे स्वतःचे जिवाणू असतात आणि ते बरणीत घुसतात. अगदीच अडचण असेल तर दुकानातली साधी पांढरी व्हिनेगर थोडी चालते.

बरणी, पाणी, चहा, साखर

बरणी काचेची, रुंद तोंडाची, तीन लिटरची. लोणच्याची चिनीमातीची बरणी सगळ्यांच्या घरात असते आणि हात आधी तिच्याकडेच जातो, पण तिच्या झिलईत शिसं आहे की नाही हे बघून कळत नाही, आणि आम्लाचं पाणी आठवडाभर आत राहिलं की ते शिसं पाण्यात उतरतं. ऑस्ट्रेलियात अशा भांड्यातला कोंबुचा पिऊन शिशाची विषबाधा झाल्याची नोंद आहे. तांबं, पितळ, अ‍ॅल्युमिनियम यांना तर लांबच ठेवा. चहा स्टीलच्या टोपात उकळायला हरकत नाही.

पाण्याबद्दल आपल्याकडे दोन गोष्टी सांभाळायच्या. खाडीलगतच्या विहिरी एप्रिल-मे महिन्यात मचूळ होतात. त्या पाण्याचा चहा जसा लागतो तसाच कोंबुचाही लागतो, म्हणून गोड्या विहिरीचं पाणी आणा. दुसरी गोष्ट पावसाळ्यातली. ग्रामपंचायत विहिरीत टीसीएल ही जंतुनाशक पावडर टाकते. ते गरजेचंच आहे, पण तो क्लोरीन विरजणाला मारक ठरतो. पाणी चांगलं दहा मिनिटं खळखळ उकळा आणि उघडं ठेवून गार करा, क्लोरीन निघून जातो. मी बाराही महिने पाणी उकळूनच घेते.

चहा साधा. मसाला चहा, वेलचीचा चहा, सुगंधी तेल लावलेली पानं पहिल्या बरणीत नकोत, कारण तेलांनी साय मरगळते. गवती चहासुद्धा इथे नको, त्याची जागा पुढे आहे. आपली नेहमीची बारीक दाणेदार पावडर चालते, फक्त ती लवकर कडू होते. साखर साधी पांढरी. गुळाचा कोंबुचा होतो, पण गुळागणिक त्याची चव आणि वागणं बदलतं. निदान पहिल्या चार-पाच बरण्या साखरेच्या करा, म्हणजे काही बिघडलं तर नेमकं कशाने बिघडलं ते कळेल. साखर कमी करू नका. ती तुमच्यापेक्षा यीस्टसाठी आहे आणि त्यातली बरीच तेच खातं.

बरणी लावणं

दोन लिटर कोंबुच्यासाठी पावणेदोन लिटर पाणी, १४० ग्रॅम साखर, १० ग्रॅम चहा पावडर (चहाचे साधारण चार-पाच चमचे) आणि पाव लिटरपेक्षा जरा जास्तच आंबट विरजण.

आधी हात आणि बरणी धुवून घ्या. साबणाचा अंश राहता कामा नये. बरणीत कढत पाणी फिरवा, मग थोडी पांढरी व्हिनेगर फिरवून ओतून टाका. निम्मं पाणी उकळलं की आच बंद करा, चहा घाला, झाकण ठेवा. बारीक पावडरीला सहा-सात मिनिटं पुरतात. गाळणीवर सुती फडकं ठेवून गाळा, चहाची एकही कणी आत राहू देऊ नका, कारण तरंगणाऱ्या कणीवर बुरशीला पाय ठेवायला जागा मिळते. गरम असतानाच साखर विरघळवा. मग उरलेलं उकळून गार केलेलं पाणी घाला.

आता थांबायचं. घाई नेमकी इथेच होते. टोपाला बाहेरून हात लावल्यावर गार वाटतं पण आत चहा अजून ऊन असतो, आणि ऊन चहात विरजण पडलं की ते मरू शकतं. मी संध्याकाळी चहा करून झाकून ठेवते आणि रात्री झोपण्याआधी बरणी भरते.

चहा बरणीत ओता, विरजण घाला, स्वच्छ चमच्याने एकदा ढवळा, वर साय सोडा. ती तरंगेल, बुडेल किंवा तिरकी उभी राहील. काहीही झालं तरी चालतं, नवी साय वरच धरते. बरणीच्या तोंडावर जुन्या धोतराचं दाट विणीचं फडकं दुहेरी करून रबराने घट्ट बांधा. विरविरीत फडक्यातून चिलटं आत शिरून अंडी घालतात, आणि आंब्या-फणसाच्या दिवसांत घरात चिलटांना तोटा नसतो. घट्ट झाकण मात्र लावू नका, जिवाणूंना हवा लागते.

जमलं तर पीएच तपासायच्या कागदी पट्ट्या आणून ठेवा. पीएच म्हणजे मातीपरीक्षणाच्या अहवालात लिहून येतो तो सामू. विरजण घातल्यावर सामू ४.५ च्या खाली आला पाहिजे. आला नाही तर आणखी विरजण घाला. सासूबाईंच्या प्रश्नाचं उत्तर इथे मिळतं. पहिल्या दोन-तीन दिवसांत चहा गोड असतो आणि त्यावर कुणीही येऊन बसू शकतं. तेवढ्या काळात बुरशीला आणि नको त्या जिवाणूंना बाहेर ठेवतो तो तुम्ही वरून घातलेला आंबटपणाच. विरजणात हात आखडता घेतला की बरणी बिघडते. माझ्याकडे आलेल्या दहा तक्रारींतल्या सात-आठ याच निघाल्या आहेत.

कुठे ठेवायची

ऊन न लागणारी, पण वारं खेळणारी जागा बघा. बंद कपाट नको. चुलीचा धूर लागेल तिथे नको, सुकी मासळी किंवा पिकायला घातलेले आंबे असतील तिथे नको. पावसात भिंतीला ओल धरते, मिरच्यांवर, पापडांवर, चपलांवर बुरशी येते. त्या दिवसांत बरणी भिंतीपासून हातभर दूर, उंचावर ठेवा. मुंग्यांसाठी परातीत दोन बोटं पाणी घालून त्यात बरणी उभी करते. उन्हाळ्यात त्या पाण्याने बरणी थोडी गारही राहते, पण आपल्या दमट हवेत ओल्या फडक्याने घाटावरच्यासारखा गारवा मिळत नाही. त्यामुळे बरणीला ओलं फडकं गुंडाळण्यात अर्थ नाही, तोंडाशी ओल आली तर उलट बुरशीच यायची.

कोंबुच्याला २४ ते २९ अंश सेल्सिअस सगळ्यात मानवतं. बहुतेक कृतींत लिहिलेले दहा-चौदा दिवस थंड देशांतले आहेत. ते डोक्यात ठेवून मे महिन्यात बरणी लावली की हातात व्हिनेगरच येते. माझ्या वहीतल्या नोंदींप्रमाणे एप्रिल-मे महिन्यात पाच ते सहा दिवस, पावसात सात ते नऊ, पौष-माघात दहा-बारा. तुमच्या घरात यात फरक पडेल, म्हणून दिवसांपेक्षा चव बघत राहा.

बरणीत काय दिसतं

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वर एक पारदर्शक पडदा दिसतो. गार झालेल्या पेजेवर धरतो ना, अगदी तसा. बरणी जरा कलंडली की तो सुरकुततो. त्याखाली बारीक बुडबुडे अडकलेले असतात, आणि सायीला तपकिरी, चिवट दोरे लोंबतात. नवीन माणूस ते दोरे बघून घाबरतो. ते यीस्टचे असतात आणि त्यांचं काही वाईट नसतं. रंग रोज थोडा फिका होतो. वास आधी चहाचा, मग पिकल्या बोरासारखा, आणि शेवटी नाकात चढणारा व्हिनेगरचा.

बुरशी ओळखायला एकच खूण पुरते. ती नेहमी वरच्या कोरड्या पृष्ठभागावर येते आणि लोकरीसारखी केसाळ, गोल ठिपक्यांची असते. पांढरी, हिरवी, काळी, कोणतीही. साय ओली आणि गुळगुळीत असते, बुरशी कोरडी. शंका आली तर एक दिवस थांबा, बुरशी असेल तर ती वाढते. बुरशी निघाली तर चहा, साय, विरजण सगळं टाका. ठिपका काढून बाकीचं वाचवायला जाऊ नका, तिचे धागे आणि विष खाली उतरलेलं असतं. बरणी कढत पाण्याने धुवा आणि नवीन विरजण मिळवा.

चौथ्या दिवसापासून रोज चव बघा. सायीच्या कडेने स्वच्छ नळी (स्ट्रॉ) घालून, तिचं वरचं तोंड बोटाने दाबून थोडं बाहेर काढा. गोडी अजून जाणवते, पण आंबटपणा तिच्या पुढे गेला आहे, जिभेच्या कडांना झिणझिण्या येतात, असं झालं की कोंबुचा तयार. पट्टीवर सामू २.५ ते ३.५ च्या मध्ये हवा. आठवडा उलटूनही ४.२ च्या खाली आला नसेल तर ती बरणी पिऊ नका.

तयार झाल्यावर सगळ्यात आधी पुढच्या बरणीसाठी पाव लिटरपेक्षा थोडं जास्त पाणी वरच्या भागातून काढून ठेवा. तळाशी यीस्टचा गाळ असतो. तोच तो पुढे वापरत गेलं की बरणीला दारूचा वास यायला लागतो.

बाटलीत फळ आणि फसफस

इथून पुढे कोकणातल्या माणसाला चंगळच. मात्र फसफस हवीच असा आग्रह नसेल तर कोंबुचा बाटलीत भरून थेट फ्रिजमध्ये ठेवा, तसाही तो छान लागतो. पहिल्यांदा करताना मी हेच सुचवेन.

फसफस हवी तर गाळलेला कोंबुचा बाटलीत भरून, थोडं फळ घालून, बूच घट्ट लावून एक ते तीन दिवस बाहेर ठेवायचा. वर दोन बोटं जागा सोडायची.

कोकमाचा कोंबुचा मला सगळ्यात आवडतो, पण कोकम कुठलं ते बघा. आगळात, म्हणजे कोकमाच्या टिकाऊ रसात, मीठ असतं, बहुतेक आमसुलांतही असतं. दोन्ही नकोत. एप्रिल-मेमध्ये ताजे रातांबे, म्हणजे कोकमाची ओली फळं, मिळतात, त्यांची दोन सालं अर्ध्या लिटरच्या बाटलीला पुरतात. रातांब्यात आंबटपणा भरपूर असला तरी साखर कमी, त्यामुळे अर्धा चमचा साखर घातल्याशिवाय वायू धरत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बाटली उजेडात धरून बघा, सालातून लाल रंग धुरासारखा खाली उतरत असतो. हंगाम नसेल तर अमृत कोकमाचं सरबत दोन चमचे. त्यात साखर भरपूर असते, म्हणून वेगळी नको.

आलं आणि गवती चहाची पात बाराही महिने मिळते आणि नवशिक्यासाठी सगळ्यात भरवशाची. जांभळाचा गर रंग सुंदर देतो. करवंदं चीक जाईपर्यंत धुवून, चेचून घाला. काजूच्या बोंडाचा रस घशाला खवखवतो, त्याचा तुरटपणा आधी काढावा लागतो. सुरुवातीला त्याच्या वाटेला जाऊ नका.

हापूसबद्दल मात्र सावध राहा. पहिल्या वर्षी एप्रिलअखेर मी रस घालून सहा बाटल्या भरल्या आणि मांगरात, म्हणजे घराबाहेरच्या खोपीत, ठेवल्या. सरबताच्या रिकाम्या, पातळ काचेच्या बाटल्या होत्या. दोन दिवसांनी दुपारी मोठा आवाज झाला. जाऊन बघते तर एका बाटलीचा बोटभर तुकडा दाराच्या फळीत रुतलेला, आणि त्याच दारातून मुलांची दिवसभर ये-जा असते. अर्ध्या लिटरला आंब्याचा रस दोन चमच्यांवर घालू नका, एक दिवसच बाहेर ठेवा आणि लगेच फ्रिजमध्ये टाका. वायूचा दाब सोसणाऱ्या जाड, गोल, क्लिपच्या बुचाच्या बाटल्याच वापरा. चौकोनी तर नकोतच. गोटी सोड्याची बाटली जाड असते, पण ती मशीनवर भरतात, घरी जमत नाही. प्रत्येक घाण्यातली एक बाटली सोड्याच्या प्लास्टिकच्या बाटलीत भरा. ती दाबून बघितली आणि दगडासारखी घट्ट लागली, की सगळ्याच फ्रिजमध्ये टाका. उघडताना बाटली गार असू द्या, तोंडावर फडकं धरा.

पावसाळ्यात मी फसफशीचा कोंबुचा करतच नाही. वीज दोन-दोन दिवस जाते, फ्रिज कोमट होतो आणि आतल्या बाटल्या पुन्हा वायू धरू लागतात.

कुणी प्यावा, किती प्यावा

सुरुवात अर्ध्या कपाने करा, जेवणासोबत. दोन-तीन दिवस पोटाला मानवलं तर एक कप. त्याहून जास्त प्यायची गरज नाही. घरच्या कोंबुच्यात दारूचा थोडा अंश असतोच, आणि गोड फळ घालून बाटलीत ठेवला की तो ०.५ टक्क्याच्या वर सहज जातो. म्हणून लहान मुलांना, गरोदर बायकांना आणि दारू वर्ज्य केलेल्यांना देऊ नका. प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी, यकृताचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी घेऊ नये, मधुमेह असेल तर डॉक्टरांना विचारून. १९९५ मध्ये अमेरिकेत आयोवा राज्यात रोज कोंबुचा पिणाऱ्या दोन बायका गंभीर आजारी पडल्या, त्यातली एक दगावली. कारण कोंबुचाच होतं असं सिद्ध झालं नाही, तरी ते लक्षात ठेवावं. हा औषधाचा काढा नाही. कर्करोगापासून सांधेदुखीपर्यंत सगळं बरं करतो असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. गरम दुपारी गार, आंबट, कमी गोडाचं पेय हवं म्हणून प्यावा.

साय वाढली, गावाला जायचं झालं

दर बरणीला साय एक थर धरते. जाड झाली की जुने खालचे थर सोलून काढा आणि माडाच्या आळ्यात टाका. एक-दोन सायी वेगळ्या बरणीत भरपूर आंबट कोंबुच्यात बुडवून, फडकं बांधून ठेवा. कधी मुख्य बरणी बिघडली तर तीच कामाला येते. चार ते सहा आठवडे ती तशी राहते, फक्त पाणी आटलं तर थोडा गोड चहा घाला. फ्रिजमध्ये ठेवू नका. थंडीत जिवाणू मंदावतात आणि बाहेर काढल्यावर बुरशी आधी जागी होते.

गणपतीला आलेल्या चाकरमान्यांपैकी कुणी ना कुणी साय मागतंच. प्लास्टिकच्या रुंद तोंडाच्या डब्यात साय आणि पाव लिटर विरजण घालून द्या, डबा तीन चतुर्थांशच भरा, झाकण लावून उभाच ठेवायला सांगा. रेल्वेच्या रात्रीच्या प्रवासाला तेवढं पुरतं. घरी पोचल्यावर झाकण काढून फडकं बांधायचं आणि दोन दिवसांच्या आत पहिली बरणी लावायची. डब्यावर तारीख लिहून द्या.